एर्मेस फक्त कडा दाबायचा

१ जून

आजपासून रोज लिहायचं. लायब्ररीतल्या एका पुस्तकात आहे की रोज लिहिणाऱ्या माणसाचं डोकं कपाटासारखं लावलेलं राहतं. माझं डोकं तसंही लावलेलंच आहे. तरी लिहायला हरकत नाही.

सकाळी नोरिनाचा फोन. नोरिना म्हणजे माझी नणंद, एर्मेसची धाकटी बहीण. म्हणाली, योले, या वर्षी सान जोव्हान्नीच्या सणाचं जेवण आमच्याकडे करू या, तू एकटी किती करशील. मी म्हटलं, एकटी म्हणजे काय? दर वर्षी मीच करते. तेवीस जूनच्या संध्याकाळी आमच्या अंगणात सासूबाईंचं लांब टेबल मांडायचं, सगळ्या घराण्याने सारण भरलेले तोर्तेल्ली खायचे आणि दंव पडेपर्यंत कुणी उठायचं नाही, हे माझ्या लग्नाच्या आधीपासून चालू आहे. सान जोव्हान्नीचं दंव डोक्यावर पडलं की वर्ष बरं जातं.

नोरिना म्हणाली, पण आता एर्मेस नाही. मला ठाऊक आहे की एर्मेस नाही. नोव्हेंबरात गेला, मी तिथेच होते. मी म्हटलं, एर्मेस काय करायचा? कणीक मी मळायची, लाटायची मी, सारण माझं. तो फक्त कडा दाबायचा. कडा शेळीसुद्धा दाबेल.

नोरिना म्हणाली, मग शेळी आण.

आणि तिने फोन ठेवला.

निश्चय: या वर्षीचे तोर्तेल्ली आजवरच्या सगळ्यांपेक्षा चांगले करायचे. नोरिनाला मधल्या काळात फोन करायचा नाही.

३ जून

सरावाला थोडे केले. खरं म्हणजे सरावाची गरज नव्हती. पालेभाजी उकडली, पिळली, बारीक चिरली, मऊ रिकोटा चीज, अंडं, किसलेलं पार्मेजान चीज, जायफळ. सारण उत्तम. पोळी इतकी पातळ लाटली की खालची लाकडाची रेघ दिसत होती. सारणाचे गोळे ओळीने ठेवले, पोळी वरून दुमडली, कडा दाबल्या, कातण्याने कापले. आमच्या घरचे तोर्तेल्ली तळहाताच्या रुंदीचे असतात. सासूबाई म्हणायच्या, लहान तोर्तेल्ली कंजूष बायका करतात.

उकळत्या पाण्यात सोडले. फुटले.

सगळे नाही. पण बहुतेक.

कारण रिकोटा. कोपेल्लीचा रिकोटा यंदा पाणीदार आहे. संध्याकाळी डेअरीत जाऊन त्याला तसं सांगितलं. कोपेल्ली म्हणाला, सिन्योरा, अर्धं गाव हाच रिकोटा नेतं, कुणाचे फुटले नाहीत. मी म्हटलं, लोक सांगत नाहीत. तो म्हणाला, या गावात लोक सांगत नाहीत असं काय आहे, ते मला ऐकायला आवडेल.

रात्री हिरवं सूप खाल्लं. चव छान होती.

५ जून

रिकोटा फडक्यात बांधून रात्रभर टांगला. सकाळी कोरडा, पांढरा, बघावा असा. तोर्तेल्ली केले. फुटले. म्हणजे रिकोटा नव्हता. कोपेल्लीला हे सांगायची गरज नाही.

कारण अंडी असावीत. उन्हाळ्यात कोंबड्या पाणी फार पितात.

मिठाचाही प्रश्न आहे. पाण्यात मीठ किती घालायचं ते मला आठवेना. इतकी वर्षं तोर्तेल्ली करते आहे आणि मीठ आठवेना, हे वयाचं लक्षण नाही. मीठ एर्मेस टाकायचा. पातेल्याशी उभा असायचा म्हणून टाकायचा, एवढंच. मूठभर टाकायचा, पण त्याची मूठ आणि माझी मूठ यात फरक आहे. मी दोन मुठी टाकल्या. खारट झालं.

निश्चय: मीठ मोजून टाकायचं. भावना मधे आणायच्या नाहीत.

८ जून

लायब्ररीतून विज्ञानाचं जाड पुस्तक आणलं. शाळेत मी पाचवीपर्यंतच गेले, पण वाचायला कुणाची परवानगी लागत नाही. लायब्ररीतली मुलगी म्हणाली, हे विद्यार्थी नेतात. मी म्हटलं, म्हणून तर नेते.

पुस्तकात आहे की हवा गरम झाली की फुगते. वाचून मी टेबलावर हात आपटला. तोर्तेल्लीत हवा राहते, पाण्यात ती फुगते, पुडी फुटते. इतकं सोपं. नोरिनाला हे माहीत नसणार, प्रीमोला तर नाहीच. प्रीमो म्हणजे नोरिनाचा नवरा, पार्माच्या बसचा ड्रायव्हर होता, आता रिटायर झालाय आणि सगळ्यांच्या घरी थांबा घेतो.

प्रश्न असा की हवा आत येते कुठून. उत्तर: खिडकीतून. जूनमध्ये आपल्याकडची हवा दमट आणि जड असते. म्हणून सगळ्या खिडक्या बंद केल्या, दारालाही फडकं लावलं.

दुपारपर्यंत मी ओव्हनमधल्या कोंबडीसारखी झाले. पोळी कडेने वाळून चर्रचर्र मोडायला लागली. कडा चिकटेचनात. तोर्तेल्ली पाण्यात जायच्या आधीच फळीवर तोंडं उघडून बसले, पक्ष्याच्या पिलांसारखे.

शास्त्र बरोबर आहे. स्वयंपाकघर चुकीचं आहे.

१० जून

तोरिनोहून लोरेनाचा फोन. म्हणाली, आई, मशीन घे, पोळी लाटणारी. मी म्हटलं, पोळीला काही झालेलं नाही. म्हणाली, मग कशाला झालंय? मी म्हटलं, कशालाच नाही. मग ती म्हणाली, कडा बाबा दाबायचे ना? मी म्हटलं, लाइन खराब आहे, नीट ऐकू येत नाही.

लाइन चांगली होती.

ती म्हणाली, सान जोव्हान्नीला इकडेच ये, इथे आतषबाजी असते. मी म्हटलं, माझं अंगण सोडून मी आकाशात फटाके बघायला येऊ? ती म्हणाली, तुला अंगण सोडवत नाही की टेबल? मुलीला शिकवलं की अशी बोलते.

१२ जून

काट्याने कडा दाबल्या. सासूबाईंना हे चाललं नसतं. त्या म्हणायच्या, ज्या बाईचा हातावर विश्वास नाही ती काटा घेते. पण त्या आता बघायला नाहीत.

एकही फुटला नाही.

कडा मात्र बुटाच्या तळव्यासारख्या जाड झाल्या आणि आतून कच्च्या राहिल्या. तरी यश हे यश. खाता येत नाही, ही वेगळी गोष्ट आहे. दोन खाल्ले, दुपारभर पोट धरून पडून होते. बाकीचे शेजारच्या बेनेव्हेल्लींच्या कोंबड्यांना टाकले.

१५ जून

हातांना विश्रांती. पिठाला हात लावायचा नाही असं ठरवलं आणि पाळलं. दिवसभर एक कादंबरी वाचली. त्यातली बाई नवरा गेल्यावर खिडकीत बसून राहते, पुस्तकभर. मला तिचा वैताग आला. तिला स्वयंपाकघर नसावं.

संध्याकाळी नोरिना आली, तुळस मागायला. तिच्या दारात तुळशीचं रान आहे. स्वयंपाकघरात शिरून नाक वर करून उभी राहिली. मग कुंपणापलीकडे बघत म्हणाली, बेनेव्हेल्लींच्या कोंबड्या लठ्ठ झाल्यात. मी म्हटलं, ऋतू आहे. ती म्हणाली, हो, रिकोट्याचा ऋतू.

तुळस न घेताच गेली.

१७ जून

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते, कारण माझंच बरोबर होतं.

रविवारच्या प्रार्थनेनंतर चर्चच्या पायऱ्यांवर नोरिनाने मला गाठलं. म्हणाली, योले, राग मानू नकोस, पण ते टेबल माझ्या आईचं आहे. आई होती तोवर तिच्या अंगणात मांडलं. मग एर्मेस घरचा म्हणून तुमच्याकडे राहिलं. आता आईच्या रक्ताचं मीच उरले. मी म्हटलं, आणि मी कोण? पाहुणी? तीस वर्षांहून जास्त तुझ्या आईच्या फळीवर मी लाटते आहे. ती म्हणाली, लाटतेस, मी नाही कुठे म्हणते. प्रीमो मधेच म्हणाला, बायांनो, टेबल लाकडाचं आहे, उन्हात चर्चा केली तर तडकेल. दोघींनी त्याला गप्प केलं. तेवढ्यापुरतं आमचं एकमत झालं.

मग मी जे बोलले ते माझंच. कुणी बोलायला लावलं नाही. मी म्हटलं, तेवीस तारखेला माझे तोर्तेल्ली अख्खे निघाले तर टेबल माझ्या अंगणात राहील आणि पुन्हा हा विषय नाही. फुटले तर घेऊन जा, कायमचं.

नोरिना म्हणाली, अगं, तसं नव्हतं म्हणायचं मला. मी म्हटलं, मला तसंच म्हणायचं होतं.

घरी येईपर्यंत मला छान वाटत होतं. घरी आल्यावर टेबलाला हात लावून बघितला. कपड्याने पुसलं. ते पुसायलाच झालं होतं.

१९ जून

एक गुप्त योजना. नोरिना पार्माला दाताच्या डॉक्टरकडे गेली होती. प्रीमोला बोलावलं. म्हटलं, प्रीमो, तुझे हात मोठे आहेत, जरा कडा दाबून बघ. तो खूष. बाह्या सरसावल्या, स्टिअरिंग धरावं तसे दोन्ही हात ठेवले आणि दाबलं. सारण चारी बाजूंनी बाहेर आलं, टूथपेस्टसारखं. पुढचाही तसाच. त्याच्या पुढचाही.

मी म्हटलं, अरे, तो काय ब्रेक आहे? तो म्हणाला, योले, मला वाटतं यात दाबायचंच नसतं. एर्मेस दाबत नव्हता. तो गोळ्याभोवती बोटं अशी फिरवायचा, मांजराला झोपवावं तशी. हवा आपण होऊन निघून जायची. मग अगदी शेवटी जरा टेकवायचा.

मी म्हटलं, तू त्याच्याकडे कधी बघितलंस? तो म्हणाला, दर वर्षी. सगळेच बघायचे. तू पातेल्याकडे बघत असायचीस.

प्रीमोला माल्व्हाझिया वाइनचा दुसरा ग्लास झाला की काव्य सुचतं. हा दुसरा होता. मी बाटली उचलून ठेवली आणि त्याला परत पाठवला, आणि सांगितलं की नोरिनाला काही बोललास तर तोर्तेल्ली मिळणार नाहीत. तो दारात म्हणाला, तसंही मिळतील का, तेच बघायचंय.

२० जून

मांजर. शेजारी एक आहे, पण ते कुणाला झोपवू देत नाही. मनानेच केलं. दहा-बारा केले, बोटं फिरवत फिरवत. सहा अख्खे निघाले. निम्मे.

मी हे प्रीमोमुळे झालं असं मानत नाही. पुस्तकातलं शास्त्र आणि माझी मेहनत. निम्मे अख्खे म्हणजे उरलेले निम्मे कधी तरी होणारच. आता पुढे उतारच आहे.

एक गोष्ट: बोटं फिरवताना मी गुणगुणत होते. मला गुणगुणायची सवय नाही. कुठलं गाणं ते ओळखू आलं नाही. मग आलं. बंद केलं.

२२ जून, संध्याकाळ

सगळे झाले. आदल्या दिवशी करून ठेवायचे म्हणजे उद्या धावपळ नाही, ही आमच्या घरची पद्धत. सकाळपासून उभी आहे. पाठ म्हणजे वाकवलेली सळई. पण फळीवर, लोरेनाच्या जुन्या खोलीतल्या पलंगावर आणि टेबलावर, सगळीकडे पांढऱ्या फडक्यांवर तोर्तेल्ली ओळीने झोपले आहेत. एकेकाभोवती बोटं फिरवली. एकातही बुडबुडा नाही. दिव्यासमोर धरून बघितलं.

एर्मेसच्या हातचे इतके नीटस कधीच नव्हते. त्याचा एखादा वाकडा असायचा. तो मला आधी वाढायचा, म्हणायचा, हा तुझा, यात सारण जास्त आहे.

उद्या नोरिनाचं तोंड बघण्यासारखं होईल. मी काही बोलणार नाही. फक्त वाढेन. आता झोपते, कधी नव्हे ती शांत.

२३ जून, दुपार

फडक्याला चिकटले.

सगळे. खालची बाजू ओली होऊन फडक्यात मुरली. उचलला की तळ फडक्यावर राहतो आणि वरची टोपी हातात येते.

नोरिना ताटं घेऊन लवकर आली होती. दारात उभी राहून पलंगाकडे बघत होती. म्हटलं, आता बोलेल. तिने हळूच विचारलं, रात्री उलटले नव्हतेस? मी म्हटलं, उलटायचे? ती म्हणाली, मध्यरात्री एकदा उलटायचे, म्हणजे दोन्ही बाजू सुकतात. आई उठून उलटायची. मग एर्मेस.

मी म्हटलं, एर्मेस रात्री उठायचा तो बाथरूमला. नोरिना म्हणाली, दर रात्री उठायचा?

मी आठवून बघितलं. दर रात्री नाही उठायचा. घोड्यासारखा झोपायचा. याच रात्री उठायचा. मी कूस बदलून म्हणायचे, दिवा बंद कर.

नोरिनाने माझ्या हातातलं फडकं घेतलं. म्हणाली, सुरी दे, सोडवता येतील तेवढे सोडवू. मी म्हटलं, काही गरज नाही, थोडेच चिकटलेत. ती म्हणाली, बरं. आणि सुरी स्वतःच घेतली.

२३ जून, संध्याकाळ

चाळीसेक जण टेबलाशी. हॅम झाला, वाइन झाली. मग मी पातेलं उकळत ठेवलं.

फुटले. जे सोडवले ते फुटले, जे आम्हाला बरे वाटले होते तेही फुटले. पाणी हिरवं झालं.

आपल्याकडे म्हणतात, तोर्तेल्ली लोण्यात बुडवावेत आणि चीजमध्ये सुकवावेत. मी बुडवले. इतके बुडवले की कुणाला काय बुडालंय ते दिसू नये. वर चीज किसलं, पुन्हा किसलं. लांबच्या एका चुलतभावाने विचारलं, हे काय आहे. मी म्हटलं, डोंगराकडची जुनी पद्धत. प्रीमो म्हणाला, हो हो, मी बस चालवायचो तिकडे, तिकडे असंच असतं. त्या चुलतभावाचं आजोळ तिकडचंच निघालं. त्याने दुसऱ्यांदा घेतलं.

सगळे म्हणाले, सारण काय सुंदर आहे, योले. सारणाबद्दल इतकं कुणी कधी बोललं नव्हतं. दुसरं कशाबद्दल बोलणार.

नोरिना सबंध संध्याकाळ टेबलाबद्दल एक शब्द बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

दंव पडलं. सगळ्यांच्या डोक्यावर सारखंच पडलं, फुटक्यांच्याही. मी उठले नाही.

२४ जून

सकाळी नोरिना आली. मी म्हटलं, टेबल न्यायला आलीस ना, ने. ती म्हणाली, सारण किती उरलंय? उन्हाळ्यात टिकायचं नाही, कणीक मळ. मी म्हटलं, माझी पाठ गेलीय. ती म्हणाली, मग वाकडी होऊन मळ.

मळली. लाटली. गोळे ठेवले, पोळी दुमडली. मग नोरिनाने हात धुतले आणि कडा घेतल्या.

भाऊ आणि बहीण एकाच आईकडे शिकले, हे मला ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं. तिची बोटं एर्मेसच्या बोटांपेक्षा बारीक आहेत. अंगठा मात्र तोच. गोळ्याच्या मागून वळसा घालून पुढे यायचा, तिथे क्षणभर थांबायचा, जसं काही आत कोण आहे ते ऐकतोय, आणि मग टेकायचा. तसाच. मी इतकी वर्षं पातेल्याकडे बघत होते.

मी म्हटलं, पाणी उतू जातंय, आणि बाहेर आले. पाणी अजून गॅसवर ठेवलं नव्हतं. नोरिनाने ते मला सांगितलं नाही. बराच वेळ आतून नुसता कातण्याचा आवाज येत होता.

एकही फुटला नाही. दोघींनी उभ्याने खाल्ले, पाच-पाच. नोरिना म्हणाली, मीठ कमी आहे. मी म्हटलं, मीठ मोजून आहे. ती म्हणाली, म्हणूनच.

मग म्हणाली, टेबल राहू दे, योले. चर्चच्या पायऱ्यांवर माणूस काहीही बोलतं. मी म्हटलं, नाही. बोलले ते बोलले. तिने दोनदा म्हटलं. मी दोनदा नाही म्हटलं. ती तिसऱ्यांदा म्हणेल असं वाटलं होतं.

दुपारी प्रीमो ट्रॅक्टर घेऊन आला. टेबल अंगणाच्या दारातून नेताना एक पाय अडला, मी आशेने बघितलं. प्रीमोने तिरकं केलं आणि निघालं. पुढच्या वर्षापासून नोरिनाच्या अंगणात. पोळी मी लाटणार, सारण माझं, कडा तिच्या. रात्री उठून कोण उलटणार ते ठरलं नाही. मी म्हटलं, मी उठेन, तशीही मला आता झोप कमी आहे.

टेबल गेल्यावर अंगण मोठं दिसतं. बरंच मोठं. मला मोठं अंगण आवडतं, असं आजपासून ठरवलं आहे.